क्वालालंपूरला दीड दिवसाचा थांबा आहे, शहरात जावं की एअरपोर्टजवळच पडून राहावं?

पाठीवर_बिऱ्हाड

नमस्कार मंडळी, मी आणि माझी मैत्रीण जानेवारीअखेर व्हिएतनामला निघालोय, पाठीवर बॅगा टाकून, हॉस्टेलात राहत, जमेल तेवढं बस-ट्रेनने फिरत. मुंबईहून दानांगला स्वस्तात जायचं म्हणून क्वालालंपूरमार्गे तिकिटं काढलीत, दोन्ही वेगवेगळी, एकत्र नाहीत. सकाळी लवकर केएलला उतरतोय आणि पुढचं विमान दुसऱ्या दिवशी रात्रीचं आहे, म्हणजे मध्ये एक पूर्ण दिवस, एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपारपर्यंतची वेळ मिळतेय. आता प्रश्न असा की जो व्हिडिओ बघावा त्यात लोक म्हणतात केएलमध्ये पेट्रोनासचे दोन टॉवर आणि मॉल सोडले तर काही नाही, एअरपोर्टजवळच झोपून घ्या. मला ते पटत नाहीये, एवढं मोठं शहर आहे तर काहीतरी असेलच ना? पण एअरपोर्ट खूप लांब आहे असंही वाचलं, त्यामुळे जाण्यायेण्यातच वेळ जाईल का ही भीती आहे. राहायचं कुठे, टॉवरचं वर जायचं तिकीट काढावं का, बाटू केव्हज, म्हणजे मुरुगनच्या देवळाच्या गुहा, जमतील का? मैत्रीण शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही. आणि दोघीच आहोत, तर रात्री फिरण्याबद्दलही सांगा. आधीच आभार.

क्लांगकाठचा

बाहेर पडा, अजिबात एअरपोर्टजवळ झोपू नका. मी नोकरीमुळे बरीच वर्षं इथे राहतोय आणि भारतातून येणारे पाहुणे मला सतत हेच ऐकवतात की केएलमध्ये बघण्यासारखं काही नाही, कारण ते बुकित बिंतांगच्या मॉलमध्ये उतरतात, टॉवरसमोर फोटो काढतात आणि निघून जातात. या शहराचा जुना भाग पायी फिरण्याइतका छोटा आहे आणि तोच लोक बघत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं.

राहायला पसार सेनी स्टेशनच्या आसपास बघा, म्हणजे चायनाटाउन. तिथे हॉस्टेलं भरपूर आहेत, एलआरटी आणि एमआरटी या शहरातल्या दोन्ही मेट्रो गाड्या आहेत आणि केएल सेंट्रल एलआरटीने एकच स्टेशन आहे. सकाळी बॅगा हॉस्टेलात टाका, रूम दुपारी मिळाली तरी चालेल, बॅग बहुतेक ठिकाणी ठेवून घेतात.

मग चालायला सुरुवात करा ती मस्जिद जामेकपासून. क्लांग आणि गोम्बाक या दोन नद्या जिथे मिळतात त्या टोकावरच ही मशीद आहे, 1909 सालची, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, आणि कमानी बघितल्यावर तुम्हाला उत्तर हिंदुस्थानातली मुघल बांधकामं आठवतील कारण तिथूनच ती शैली उचललेली आहे. हे शहर सुरू झालं तेच इथून, 1857 च्या सुमाराला कथिलाच्या खाणी शोधायला आलेले चिनी मजूर नदीने वर येत येत या संगमाशी उतरले, इथून पुढे होडी जात नव्हती म्हणून, आणि जंगल तुडवत आंपांगकडे गेले. त्यातले कितीतरी मलेरियाने गेले. आज तिथे उभं राहिलं की एका बाजूला मशीद, मागे काचेच्या इमारती आणि खाली ती गढूळ नदी, मला तरी केएल समजून घ्यायला याहून चांगली जागा माहीत नाही. अंगभर कपडे नसतील तर मशिदीत झगा देतात, नमाजाच्या वेळी पाहुण्यांना आत सोडत नाहीत, तेवढं बघून जा.

नदी ओलांडली की दातारान मर्डेका, ते मोठं मैदान, 1957 साली 30 ऑगस्टच्या मध्यरात्री इंग्रजांचा झेंडा इथेच उतरवला. समोर सुलतान अब्दुल समद बिल्डिंग, 1897 ची, तांब्याचे घुमट आणि मध्ये घड्याळाचा टॉवर. मुंबईच्या फोर्टात फिरलेल्या माणसाला ही इमारत लगेच ओळखीची वाटते, इंग्रज तोच साचा घेऊन इकडे आले होते. तिथून मागे वळून सेंट्रल मार्केटला या. 1888 पासून तिथे बाजार भरतो, आत्ताची निळी इमारत 1937 ची. पूर्वी मासळी-भाजीची मंडई, आता कलाकुसरीची दुकानं. मग जालान तुन एच एस ली या रस्त्यावर श्री महामारियम्मन मंदिर, 1873 चं, तमिळ लोकांनी बांधलेलं, मोठं रंगीत गोपुर आहे, चुकणारच नाही. त्याच्या जवळच चिनी लोकांचं ग्वान दी मंदिर, उदबत्त्यांचा धूर बाहेर रस्त्यापर्यंत येतो, आणि थोडं पुढे सिन त्झे सी या हे 1864 चं देऊळ. म्हणजे मशीद, तमिळ देऊळ, चिनी देऊळ सगळं पंधरा-वीस मिनिटं चालण्याच्या आत. पेतालिंग स्ट्रीटच्या मुख्य बाजारात नकली घड्याळं आणि बॅगा सोडून फार काही नाही, तिथे वेळ घालवू नका, आजूबाजूच्या गल्ल्यांमधून चाला. जुन्या दुकानांसमोर पाच फुटांची पडवी असते, सलग, त्यामुळे ऊन असो की पाऊस, चालता येतं.

टॉवरचं म्हणाल तर वर जायचं तिकीट काढू नका असं माझं स्पष्ट मत आहे. हॉस्टेलातल्या एका रात्रीच्या बेडपेक्षा ते महाग पडतं, आणि वर गेल्यावर नेमका पेट्रोनासच दिसत नाही, कारण तुम्ही त्याच्यातच असता. त्यापेक्षा संध्याकाळी कांपुंग बारूला जा.

पाठीवर_बिऱ्हाड

किती छान लिहिलंत! कांपुंग बारूचं अर्धवट सोडलंत, ते पूर्ण सांगा ना. आणि बाटू केव्हज?

क्लांगकाठचा

सांगतो. कांपुंग बारू म्हणजे शहराच्या अगदी मध्यावर राहिलेलं मलाय लोकांचं गाव. इंग्रजांच्या काळात, 1900 च्या आसपास, ही जमीन मलाय लोकांसाठी राखून ठेवली, ती अजून बऱ्याच अंशी त्यांच्याकडेच आहे, म्हणून खांबांवर उभी लाकडी घरं, अंगणात केळी-नारळ, कोंबड्या, आणि त्यांच्या डोक्यावर ते 452 मीटरचे टॉवर. जागेला सोन्याचा भाव आहे आणि मालकी वारसांमध्ये इतकी वाटली गेलीय की विकास करायचा म्हटलं तरी सगळ्यांच्या सह्या जमवणं कठीण, आपल्याकडच्या सातबाऱ्यावरच्या नावांसारखंच प्रकरण आहे. पण किती वर्षं टिकेल सांगता येत नाही, बाजूने उंच इमारती येतच आहेत, म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की आत्ता बघून घ्या.

एलआरटीने कांपुंग बारू स्टेशनला उतरा, संध्याकाळी सहा-साडेसहाला, उजेड असेपर्यंत गल्ल्यांमधून फिरा, लोकांच्या दारात घुसून फोटो नका काढू, मग अंधार पडला की सालोमा ब्रिज नावाचा पादचारी पूल आहे, 2020 मध्ये झाला, त्याच्यावर दिवे लागतात, तो ओलांडला की चालत चालत तुम्ही थेट टॉवरच्या बागेत पोचता. केएलसीसी पार्क, फुकट आहे, तलावात रात्री कारंजी असतात, तिथल्या गवतावर बसून टॉवर बघा. 1998 ते 2004 ही जगातली सगळ्यात उंच इमारत होती. आता तर केएलमध्येच मर्डेका 118 आहे, जवळजवळ 679 मीटर, बुर्ज खलिफानंतर दुसरी, ती तुमच्या हॉस्टेलच्या गल्लीतूनच दिसेल.

बाटू केव्हज दुसऱ्या दिवशी सकाळी. केएल सेंट्रलहून केटीएम कोम्युटर ही लोकल ट्रेन थेट गुहेच्या दारात सोडते, अर्धा-पाऊण तास लागतो, तिकीट तीन रिंगिटच्या (मलेशियाचं चलन) आत. सकाळची पहिली-दुसरी गाडी पकडा, नंतर टूरच्या बसा येतात आणि ऊन चढतं. 272 पायऱ्या आहेत, 2018 मध्ये इंद्रधनुष्यासारख्या रंगवल्या, शेजारी मुरुगनची, म्हणजे कार्तिकेयाची, 42.7 मीटर उंच सोनेरी मूर्ती. मोठ्या गुहेत जायला पैसे लागत नाहीत. गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर खाली कापड भाड्याने घ्यायला लावतात. माकडं हातातलं खाणं, पाण्याची बाटली, गॉगल काहीही ओढतात, सगळं बॅगेत टाकून चढा. आणि जानेवारीअखेर म्हणताय म्हणून आत्ताच तारीख बघून घ्या, जानेवारी-फेब्रुवारीतल्या पौर्णिमेच्या आसपास थाईपुसम हा मुरुगनचा उत्सव असतो. तो तुमच्याच दिवशी आला तर लाखो लोक असतात, कावडी घेतलेले, नवस बोललेले, रात्रभर महामारियम्मन मंदिरापासून रथ निघून गुहेपर्यंत जातो. तसं झालं तर बाकी सगळं सोडा आणि तेच बघा, पण मग वेळेचा हिशोब पूर्ण वेगळा करावा लागेल.

मांडवीपार

वरचा प्रतिसाद उत्तम आहे पण मी वेगळं सुचवतो. मोठी शहरं तुम्हाला पुढे हो ची मिन्ह, हनोई मिळणारच आहेत, तर केएलमध्ये जाताच कशाला, एअरपोर्टवरून थेट मलाक्काची बस पकडा. टर्मिनल 2 वरून बस आहे, दोन-अडीच तासांत पोचता, रात्री तिथे राहायचं आणि दुसऱ्या दिवशी तसंच परत एअरपोर्टला. आम्ही गोव्याचे म्हणून मला मलाक्काची ओढ जरा जास्त असेल, पण कारण आहे. अल्फोन्सो आल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतला आणि लगेच पुढच्या वर्षी मलाक्का. सेंट फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्यावर वारले तेव्हा त्यांचं शव आधी मलाक्कालाच आणलं, 1553 मध्ये काही महिने ते तिथल्या टेकडीवरच्या सेंट पॉल चर्चमध्ये पुरलेलं होतं, मग गोव्याला हलवलं. ती रिकामी कबर अजून आहे, वर छप्पर नाही चर्चला, भिंतीला टेकवून ठेवलेले जुने दगड आहेत कोरीव, आणि समोर समुद्राकडे उघडं. जुन्या गोव्याला बॉम जीझस चर्चमध्ये लहानपणापासून जाणाऱ्या माणसाला तिथे उभं राहून काय वाटतं ते मला शब्दांत नाही सांगता येणार. शहराचा जुना भाग 2008 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, नदीकाठाने चालत फिरायचं, शुक्रवार ते रविवार रात्री जोंकर स्ट्रीटवर बाजार भरतो.

क्लांगकाठचा

मांडवीपार, मलाक्का मलाही फार आवडतं आणि सेंट पॉलच्या टेकडीबद्दल अगदी सहमत. पण यांची तिकिटं वेगवेगळी आहेत, म्हणजे दानांगचं विमान चुकलं तर कोणी दुसरं देणार नाही. मलाक्काहून परतीच्या बसला हायवेवर ट्रॅफिक लागला, विशेषतः शनिवार-रविवार किंवा सणाच्या आसपास, तर दोन तासांचे चार होतात. केएलहून ट्रेन आहे, ती अडकत नाही. दोन पूर्ण रात्री असत्या तर मी स्वतः मलाक्का म्हटलं असतं.

मांडवीपार

हा मुद्दा मान्य. परतीच्या प्रवासातही केएललाच थांबत असाल तर तेव्हासाठी ठेवा मलाक्का, पण वगळू नका.

चटणीभाकर

शाकाहारी मैत्रिणीबद्दल मी लिहिते, कारण मी स्वतः अंडंसुद्धा खात नाही आणि आईला घेऊन मलेशिया फिरलेय. अख्ख्या त्या पट्ट्यात केएलइतकं सोपं शहर दुसरं नाही, व्हिएतनाममध्ये पुढे जास्त शोधावं लागेल म्हणून इथे पोटभर जेवून घ्या. केएल सेंट्रलच्या बाहेर रस्ता ओलांडला की ब्रिकफील्ड्स, तमिळ वस्ती, तिथे केळीच्या पानावर भात, दोन-तीन भाज्या, रस्सम, पापड, लोणचं, भात-भाजी मागाल तेवढी परत वाढतात. बाटू केव्हजवरून परत केएल सेंट्रललाच याल तेव्हा दुपारचं जेवण तिथेच करा. बाटू केव्हजच्या पायथ्याशीपण शाकाहारी हॉटेलं आहेत, इडली-डोसा, नारळपाणी. मात्र सगळीच तमिळ हॉटेलं शाकाहारी नसतात, पाटी बघून जा, नुसतं "इंडियन" लिहिलंय म्हणून बसू नका.

सांभाळायचं कुठे ते सांगते. मलाय जेवणातल्या लाल संबळमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, जवळजवळ नेहमी बेलाचान असतं, म्हणजे सुकवून आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, तो दिसत नाही, वास ओळखीचा नसेल तर कळतही नाही. नासी लेमाकचा भात नारळाच्या दुधातला असतो, तो बरोबर आहे, पण वर संबळ आणि तळलेले बारीक मासे असतात. रोती चनाई नावाची पदरदार पोळी मिळते, ती साधी सांगा, आणि सोबत डाळ मागताना विचारा की रस्सा कुठला आहे, कारण पुष्कळ ठिकाणी त्याच वाटीत चिकनचा रस्सा मिसळून देतात. अंड्याला तेलुर, माशाला इकान, एवढे दोन शब्द मैत्रिणीला पाठ करायला सांगा, बाकी इंग्रजी सगळ्यांना येतं. चिनी शाकाहारी हॉटेलंही पुष्कळ आहेत, तिथे सोयाचं हुबेहूब मांसासारखं दिसणारं काहीतरी पानात येतं, बघून दचकायला होतं पण शाकाहारीच असतं. मात्र काहींमध्ये अंडं असतं, विचारून घ्या.

आणि चेंडोल खा, खाच. किसलेला बर्फ, नारळाचं दूध, ताडगुळाचा पाक आणि पानदान नावाच्या सुवासिक पानांच्या रसातल्या हिरव्या शेवया. दुपारच्या उकाड्यात तो एक वाडगा म्हणजे सुख आहे.

रात्रीबद्दल, आम्ही दोघी बायकाच होतो, ट्रेनने दहा-साडेदहापर्यंत फिरलो, त्रास झाला नाही. कोम्युटर गाडीत मधला डबा फक्त बायकांसाठी असतो, गुलाबी पट्टे असतात. एकच धोका खरा आहे, मोटारसायकलवरून पर्स खेचतात, त्यामुळे पर्स रस्त्याच्या बाजूच्या खांद्यावर नको, भिंतीच्या बाजूला, आणि फूटपाथच्या कडेला उभं राहून मोबाइलवर मॅप बघत बसू नका, दुकानात शिरून बघा. उशीर झाला तर ग्रॅब, म्हणजे ॲपवरची टॅक्सी, बोलवा, भाडं आधीच दिसतं.

वहीखाते

कागदपत्रांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय. तिकिटं वेगवेगळी असल्याने तुम्हाला इमिग्रेशनमधून बाहेर यावंच लागेल, त्यामुळे हे सगळं एअरपोर्टजवळ झोपलात तरी करावं लागणारच. भारतीयांना 1 डिसेंबर 2023 पासून 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही सवलत 2026 अखेरपर्यंत वाढवलेली आहे, तुमचं जाणं त्यानंतरचं असेल तर आधी चालू नियम बघा. व्हिसा नसला तरी एमडीएसी म्हणजे डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, मलेशियाच्या इमिग्रेशनच्या साइटवर, फुकट. गुगल केलं की पैसे मागणाऱ्या दुसऱ्याच साइट वर येतात, तिथे भरू नका. सोबत पुढचं तिकीट, हॉस्टेलचं बुकिंग आणि व्हिएतनामचा ई-व्हिसा तिन्हींचे प्रिंट ठेवा, मुंबईच्या काउंटरवरच विचारू शकतात.

एअरपोर्ट शहरापासून साधारण 55-60 किलोमीटर आहे. एक्सप्रेस ट्रेन टर्मिनल 1 वरून 28 मिनिटांत आणि टर्मिनल 2 वरून 33 मिनिटांत केएल सेंट्रलला नेते, पण माणशी 55 रिंगिट, रिंगिटचा चालू भाव बघून हिशोब करा. बस त्याच्या जवळजवळ पाव किमतीत, एक-सव्वा तास. माझा सल्ला, येताना बसने या कारण तेव्हा घाई नाही, आणि जाताना ट्रेनने जा. दोन्ही टर्मिनल वेगळी आहेत, पुढचं विमान कुठल्या टर्मिनलवरून आहे ते तिकिटावर बघून ठेवा, चुकीच्या ठिकाणी उतरलात तर मधे ट्रेन आहे, तीन मिनिटांची, पण तिची वाट बघण्यात वेळ जातो. स्वस्त विमानांचे काउंटर तासभर आधी बंद होतात, तुम्ही तीन तास आधी पोचा. आणि हातातल्या सामानाला बहुतेक सात किलोची मर्यादा असते, बॅगपॅक त्याहून जड असेल तर चेक-इनचं वजन आत्ताच ऑनलाइन घ्या, काउंटरवर ते फार महाग पडतं.

घड्याळ अडीच तास पुढे करायचं. हॉस्टेल बुकिंगमध्ये नसला तरी परदेशी लोकांकडून रूममागे रात्रीला 10 रिंगिट टुरिझम टॅक्स घेतात, ती फसवणूक नाही. लोकल ट्रेनला रोख पैशांत टोकन मिळतं, दीड दिवसासाठी कार्ड घ्यायची गरज नाही.

पाठीवर_बिऱ्हाड

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मैत्रिणीला चटणीभाकर ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती आता व्हिएतनामपेक्षा ब्रिकफील्ड्सचंच बोलतेय. तर ठरलं असं, बसने यायचं, पसार सेनीला बॅगा टाकायच्या, दुपारपर्यंत जुनं शहर, मग थोडी झोप कारण रात्रभराचा प्रवास झालेला असेल, संध्याकाळी कांपुंग बारू ते टॉवर. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटू केव्हज, ब्रिकफील्ड्सला जेवण, आणि ट्रेनने एअरपोर्ट. फक्त एक, दुसऱ्या दिवशी बाटू केव्हजला जाताना बॅगा हॉस्टेलला ठेवायच्या की सोबत न्यायच्या? आणि पहिला दिवस शुक्रवार येतोय, चालेल ना?

क्लांगकाठचा

बॅगा घेऊन 272 पायऱ्या चढायच्या नाहीत. हॉस्टेल सोडून बॅगा केएल सेंट्रलच्या लॉकरमध्ये टाका, कारण गुहेवरून परत तिथेच येताय, जेवणही तिथेच समोर आणि एअरपोर्टची ट्रेनही तिथूनच सुटते. पसार सेनीला उलटं जायला नको. कोम्युटर गाड्या मधल्या वेळात तासाभराच्या अंतराने असू शकतात, म्हणून बाटू केव्हजला उतरल्या उतरल्या परतीच्या गाड्यांची वेळ फोटो काढून ठेवा.

शुक्रवार असेल तर मस्जिद जामेक सकाळीच करा, दुपारच्या मोठ्या नमाजाला आत जाता येणार नाही आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर गर्दीही असते. उतरून, बस पकडून, बॅगा टाकून साडेनऊ-दहापर्यंत तिथे पोचलात तर आरामात होईल. उशीर झालाच तर क्रम उलटा करा, आधी महामारियम्मन आणि चिनी देवळं, मग सेंट्रल मार्केट, आणि मशीद चारच्या आधी. आतून नाही जमली तर संध्याकाळी कांपुंग बारूला जाताना मस्जिद जामेक स्टेशनला उतरून पलीकडच्या काठावरून बघा, त्याच लाइनवर आहे.

चटणीभाकर

आणि छत्री बॅगेच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात ठेवा. दुपारी तीन-चारला आभाळ अचानक फुटतं, तासाभरात पुन्हा ऊन.